सज्ञान दिव्यांग मुलांचे सरकारी लाभ : कागद आपल्या हयातीत पुरे करा

दिव्यांग मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली, म्हणून घरात फारसे काही बदलत नाही. औषधांच्या वेळा त्याच, भरवणे तेच, संध्याकाळी हात धरून चक्कर मारून आणणेही तेच. कायद्याच्या लेखी मात्र त्या दिवशी बरेच बदलते. आई-वडील त्याचे नैसर्गिक पालक उरत नाहीत. बँकेत त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार संपतो. लहान मुलांच्या सवलती बंद होतात आणि मोठ्यांच्या आपोआप सुरू होत नाहीत.

‘आमच्यामागे याचे कसे होणार?’ हा प्रश्न पालकांच्या प्रत्येक बैठकीत निघतो. त्याचे पूर्ण उत्तर कोणत्याच सरकारी योजनेत नाही. पण जे काही आहे, ते मिळण्यासाठी लागणाऱ्या सह्या बहुतेक वेळा आई-वडिलांच्याच असतात. आई-वडील असतानाच कागद झाले, तर काम काही महिन्यांत उरकते. ते गेल्यावर तेच काम बहीण-भावांच्या गळ्यात पडते आणि मग कार्यालयांचे उंबरे झिजवणे सुरू होते. म्हणून हा लेख मुलांइतकाच पन्नाशी-साठीतल्या पालकांसाठी आहे.

सरकारी लाभांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. काही लाभ मुलाला त्याच्या स्वतःच्या अपंगत्वामुळे मिळतात. काही आई-वडिलांच्या नोकरीमुळे त्याच्यापर्यंत पोहोचतात. तिसऱ्या गटातल्या करसवलती पालकांना मिळतात. पहिल्या गटात घरचे उत्पन्न पाहिले जाते, दुसऱ्यात नोकरीची नोंद. शेतमजुराच्या घरी पहिला गट महत्त्वाचा, नोकरदाराच्या घरी दुसरा. आपण कुठे बसतो ते आधी ठरवले की निम्मी धावपळ वाचते. (पुढे ‘मुलगा’ म्हटले तरी मुलगीही त्यात आलीच.)

सुरुवात प्रमाणपत्रापासून

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते, काहींसाठी ८० टक्के. ते टक्के वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्यावर यूडीआयडी, म्हणजेच स्वावलंबन कार्ड मिळते. अर्ज ऑनलाइन भरायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात. ४० टक्क्यांच्या खाली पांढरे कार्ड, ४० ते ८० पर्यंत पिवळे, ८० आणि त्यावर निळे. जुने कागदी प्रमाणपत्र जपून ठेवाच, पण आता जिथे जाल तिथे यूडीआयडी क्रमांक विचारतात.

अनेक घरांत इथेच घोळ होतो. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र लहानपणी काढलेले असले, तर ते पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नव्याने करून घ्यावे लागते. अठराव्या वर्षी मिळणारे प्रमाणपत्र कायमचे असते. मुलगा तीस वर्षांचा आहे आणि हातात शाळेच्या प्रवेशासाठी काढलेल्या दाखल्याचे भेंडोळे आहे, अशी स्थिती असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी हे करा. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर कुटुंब निवृत्तिवेतनासारख्या आजन्म लाभाची फाइल वारंवार अडते.

मंडळाने दिलेले टक्के कमी वाटले, तर ९० दिवसांच्या आत अपील करता येते. घरी एक वही ठेवा आणि मुलाला रोजच्या कोणत्या कामात किती मदत लागते ते तीत लिहा : कपडे, शौच, पैसे मोजणे, रस्ता ओलांडणे. दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना हे दिसत नाही. ते सांगायचे काम आईचेच, आणि आयत्या वेळी निम्मे विसरायला होते.

आणखी एक बारीक वाटणारी, पण पुढे डोंगराएवढी होणारी गोष्ट म्हणजे नाव. सेवापुस्तकात ‘बाळू’, आधारवर ‘बाळकृष्ण’, शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाशिवाय नुसते ‘बाळकृष्ण’ आणि जन्मतारीख प्रत्येक ठिकाणी निराळी. अशा फाइलला प्रत्येक टेबलावर शेरा बसतो. आधार, यूडीआयडी, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि पालकांच्या नोकरीची नोंद या पाचही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची खूण घेणे शक्य नसेल, तर आधार केंद्रात तशी सवलत मागा. अशा व्यक्तींची नोंदणी करण्याची तरतूद आहे.

पालकत्व : कोणाला लागते, कोणाला नाही

अंध, कर्णबधिर किंवा हातापायाने अधू असलेला सज्ञान माणूस स्वतःचे निर्णय घेऊ शकतो. त्याला कायदेशीर पालकाची गरज नाही. बँक कर्मचाऱ्याने तसे मागितले तर ते चूक आहे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार स्थितींसाठी मात्र १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम आहे. त्याखाली जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिच्यावर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे सदस्य असतात. या समितीकडे अर्ज केला की ती अठरा वर्षांवरील मुलाचा कायदेशीर पालक नेमते. जन्मदाते आई-वडीलही त्याला अपवाद नाहीत. मुलगा सज्ञान झाल्यावर त्यांनाही हे पालकत्व रीतसर घ्यावे लागते.

अर्ज करण्याआधी खरोखर पालकाची गरज कशासाठी आहे ते पाहावे. समितीही तेच पाहते : माणसाच्या देखभालीसाठी, मालमत्तेसाठी की दोन्हींसाठी. पालक म्हणजे मालक नव्हे. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. पालक हयगय करत असेल किंवा पैशांचा गैरवापर करत असेल, तर समिती त्याला काढू शकते. काकांच्या किंवा मेव्हण्याच्या नावे पालकत्व द्यायचे ठरले, तर ही अट त्यांना आधी समजावून सांगा. हिशेब द्यायला बिचकणारा माणूस या कामासाठी योग्य नाही, एवढे तरी त्यातून कळते.

या समितीचे पालकत्व प्रमाणपत्र खाते उघडण्यासाठी आणि चालवण्यासाठी ग्राह्य धरावे, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. शाखेत कोणी न्यायालयाचाच हुकूम मागितला, तर नकार लेखी मागा. बऱ्याचदा तेवढ्यावरच काम होते.

स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजाराला राष्ट्रीय न्यासाचा कायदा लागू नाही. तिथे २०१६ च्या अधिनियमातल्या कलम १४ खाली मर्यादित पालकत्वाची वाट आहे आणि त्यासाठी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.

दरमहा अनुदान : तहसील कचेरीचे काम

महाराष्ट्रात घरचे उत्पन्न अगदी तुटपुंजे असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजना हा मुख्य आधार. वय १८ ते ६५, अपंगत्व किमान ४० टक्के आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य या तिच्या अटी. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झाले. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत किंवा सेतू केंद्रातून करायचा. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. खाते जोडलेले नसेल, तर मंजुरी असूनही हप्ता येत नाही आणि चूक कुठे आहे ते शाखेत कोणी आपण होऊन सांगत नाही. अर्ज मंजूर व्हायच्या आधीच बँकेतून ही जोडणी करून घ्या.

अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल, तर १८ ते ७९ वयासाठी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आहे. केंद्राचा वाटा ३०० रुपयांचा. त्यात राज्य भर घालते. गोव्यात राहणाऱ्या कुटुंबांनी दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेखाली दिव्यांगांसाठी अर्ज करावा.

अर्ज देताना त्याची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ या शब्दांवर विसंबून परतलेल्या अर्जाचा पुढे माग लागत नाही. पोच हातात असली की माहितीच्या अधिकाराचा अर्ज असो की वरिष्ठांकडे तक्रार, धागा तिथून धरता येतो.

ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत राज्यातल्या स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ती कुठे व्हीलचेअरवर जाते, कुठे रोख साहाय्यावर, तर कुठे वर्षअखेरपर्यंत तशीच पडून राहते. ग्रामसेवकाला किंवा प्रभाग कार्यालयाला ‘आमच्या नावाची दिव्यांग नोंदवहीत नोंद आहे का आणि यंदाचा ५ टक्के निधी कशावर खर्चणार?’ एवढे लेखी विचारा. नोंदच नसेल, तर निधीचा विषयच आपल्यापर्यंत येत नाही.

नोकरदारांचा सर्वांत मोठा लाभ : कुटुंब निवृत्तिवेतन

सरकारी नोकरी किंवा निवृत्तिवेतन असलेल्या घरात दिव्यांग मुलासाठी याहून मोठा लाभ नाही, आणि सर्वाधिक दुर्लक्षही याच्याकडेच होते. इतर मुलांना कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे ठरावीक वयापर्यंतच मिळते. पोट भरण्याइतके कमावणे अशक्य करणारे अपंगत्व असलेल्या मुलाला ते आयुष्यभर मिळू शकते. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना हे केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम २०२१ मधल्या नियम ५० खाली, तर महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतल्या नियम ११६ खाली. निवृत्त माणूस गेला की आधी पती किंवा पत्नीला, आणि त्यानंतर अशा मुलाला, असा साधारण क्रम असतो.

केंद्राच्या नियमात उत्पन्नाची अट आहे. मुलाचे इतर मार्गांनी येणारे एकूण उत्पन्न हे मृताच्या शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावरची महागाई वाढ यापेक्षा कमी असले पाहिजे. आधीची मर्यादा ९,००० रुपये आणि महागाई वाढ एवढीच होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती अशी वाढवली गेली. त्यामुळे पूर्वी ‘उत्पन्न जास्त’ म्हणून ज्यांचा अर्ज फेटाळला गेला, त्यांनी पुन्हा विचारणा करावी.

ही अट ठेवींच्या नियोजनात कशी आड येते, ते आकड्यांत पाहू. समजा, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे शेवटचे मूळ वेतन ५०,००० रुपये होते. त्याचे ३० टक्के म्हणजे १५,०००. महागाई वाढ ५० टक्के धरली, तर मर्यादा झाली २२,५०० रुपये. प्रेमापोटी त्यांनी ४० लाखांची ठेव मुलाच्या नावावर केली. ७ टक्क्यांनी वर्षाचे व्याज २,८०,०००, म्हणजे महिन्याला २३,३३३ रुपये. उत्पन्न मर्यादेच्या वर गेले आणि आजन्म चालणारे, महागाईबरोबर वाढणारे निवृत्तिवेतन हातचे गेले. ठेवीचे व्याज महागाईबरोबर वाढत नाही, आणि ठेव मोडली की तेही नाही. मुलाच्या नावे किती ठेवायचे, हा आकडा निवृत्तिवेतनाची अट समोर ठेवूनच ठरवावा.

आता हयातीत करायच्या गोष्टी.

पहिली, कुटुंबाच्या तपशिलात नाव. नोकरीत असताना भरलेल्या नमुन्यात दिव्यांग मुलाचे नाव आहे का, आणि त्याच्यापुढे अपंगत्वाचा उल्लेख आहे का? कित्येक घरांत पंचवीस वर्षांपूर्वी लाजेकाजेस्तव तो रकाना कोरा सोडलेला असतो. आज तो भरता येतो.

दुसरी, निवृत्तिवेतन प्रदान आदेशात, म्हणजे पीपीओमध्ये नोंद. पीपीओ काढा आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा भाग नीट वाचा. तिथे बहुधा फक्त पत्नीचे नाव असते. केंद्राच्या निवृत्तांना कायम स्वरूपाचे अपंगत्व असलेल्या मुलाचे नाव आपल्या हयातीतच पीपीओत घालून घेता येते. अर्ज शेवटच्या कार्यालयाच्या प्रमुखाकडे करायचा आणि सोबत अपंगत्वाचे प्रमाणपत्र, मुलाचे उत्पन्न, जन्माचा पुरावा, फोटो आणि ओळखीच्या खुणा जोडायच्या. हे झालेले असले, की आई-वडिलांच्या मागे नव्याने मंजुरीची फाइल फिरवावी लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि ठरलेला अर्ज दिला की रक्कम सुरू होते. राज्य शासनाच्या आणि जिल्हा परिषदेच्या निवृत्तांनीही शेवटच्या कार्यालयामार्फत लेखी अर्ज करून मुलाची नोंद करून घ्यावी आणि कोषागारात तिची प्रत पोहोचली का ते पाहावे.

तिसरी, पालकाचे नामनिर्देशन. मुलाला बौद्धिक किंवा मानसिक अपंगत्व असेल, तर त्याच्या वतीने रक्कम कोण घेणार याचे नाव निवृत्त व्यक्ती स्वतः लिहून देऊ शकते. केंद्राच्या नियमांत असे नामनिर्देशन असल्यावर न्यायालयाचा पालकत्व दाखला लागत नाही. स्थानिक स्तर समितीचे प्रमाणपत्रही चालते. हे नाव लिहिलेले नसले, की भावंडांत ‘मी बघतो’ आणि ‘तू कशाला?’ सुरू होते.

चौथी, अपंगत्व आई-वडिलांच्या हयातीतच होते, याचा पुरावा. जुने वैद्यकीय कागद, विशेष शाळेचा दाखला, लहानपणीचे प्रमाणपत्र टाकून देऊ नका. ‘आता एवढ्या वर्षांनी कशाला ही अडगळ’ म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत गेलेला शाळेचा दाखला पुढे शोधून सापडत नाही.

लग्न झाले म्हणून दिव्यांग मुला-मुलीचे कुटुंब निवृत्तिवेतन बंद होत नाही, हे केंद्राने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. आई आणि वडील दोघेही सरकारी नोकरीत असतील, तर दोघांच्या नोकरीची दोन स्वतंत्र निवृत्तिवेतने ठरावीक कमाल मर्यादेत मिळू शकतात. म्हणून नोंद दोघांच्याही पीपीओत हवी. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत असलेल्या कर्मचाऱ्यांनी, सेवेत असताना मृत्यू आल्यास कुटुंब निवृत्तिवेतन हवे की खात्यातला जमा निधी, याचा पर्याय भरलेला आहे का ते तपासावे. दिव्यांग मूल असलेल्या घरात हा पर्याय डोळे झाकून भरण्याचा नाही.

खासगी नोकरी : पीएफमधले निवृत्तिवेतन

कारखान्यात किंवा कंपनीत नोकरी केलेल्यांना वाटते, आपल्याला पेन्शनच नाही, मग मुलाला कुठून? पण पीएफ कापला जात असेल, तर १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे ते बहुधा सभासद असतात. या योजनेत सभासदाच्या मृत्यूनंतर मुलांना विधवा निवृत्तिवेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते. आई-वडील दोघेही नसतील, तर अनाथ म्हणून ७५ टक्के. एरवी हे २५ व्या वर्षी थांबते. मुलाला कायमचे आणि संपूर्ण अपंगत्व असेल, तर वयाची अट न लावता ते आयुष्यभर चालते. किमान रकमा लहान आहेत, मुलासाठी महिना २५० आणि अनाथासाठी ७५०. पण जास्त वर्षे नोकरी केलेल्याच्या घरी त्याहून अधिक मिळू शकते.

इथेही नोंदणी आधी हवी. पीएफच्या पोर्टलवर ई-नामनिर्देशन भरताना कुटुंबात मुलाचे नाव आणि आधार घाला आणि अपंगत्वाचा रकाना असेल तर तो भरा. कंपनी बंद पडली असली, तरी यूएएन (पीएफचा कायम खाते क्रमांक) चालू असतो आणि ही दुरुस्ती करता येते. कर्मचारी राज्य विमा योजनेत असणाऱ्यांनी आणि केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या (सीजीएचएस) लाभार्थ्यांनी कार्डावर मुलाचे नाव कायम आहे का ते पाहावे. केंद्रीय योजनेत अवलंबून असलेल्या मुलग्याचे नाव एरवी २५ व्या वर्षी निघते, पण कायम अपंगत्व असेल तर वयाची मर्यादा लागत नाही.

आरोग्य आणि प्रवास

राष्ट्रीय न्यासाच्या चार स्थितींत बसणाऱ्यांसाठी ‘निरामय’ आरोग्य विमा आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, वयाची अट नाही, आधीच्या आजारांची तपासणी नाही. रुग्णालयात भरती न होता घेतलेले उपचार आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. नोंदणी राष्ट्रीय न्यासाशी संलग्न संस्थेमार्फत करायची आणि दरवर्षी नूतनीकरण करायचे. नूतनीकरणाची तारीख चुकली की संरक्षण खंडित होते, म्हणून ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्डावर मुलाचे नाव असणे त्यासाठी आवश्यक.

एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेत सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांगांना आणि त्यांच्या सोबत्यालाही शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेचे वेगळे ओळखपत्र आधी काढावे लागते.

पालकांच्या करसवलती

जुन्या करप्रणालीत १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०डीडी खाली, अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलासाठी पालकाला ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळते. अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल, तर १,२५,०००. प्रत्यक्ष खर्च किती झाला, याची बिले लागत नाहीत. मुलाने स्वतःचे विवरणपत्र भरून कलम ८०यू ची वजावट घेतली, तर पालकाला ही मिळत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल, तर फॉर्म १०-आयए लागतो. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही. म्हणून दोन्ही पद्धतींनी कर काढून बघावा. आयकर अधिनियम २०२५ मध्ये कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा सल्लागाराला कलमाच्या आकड्याऐवजी ‘अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठीची वजावट’ असे विचारा.

महाराष्ट्रात बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या पालकांना व्यवसाय करातून सूट आहे. वर्षाला २,५०० रुपये गपचूप पगारातून कापू दिलेले असतात. प्रमाणपत्राची प्रत आस्थापना शाखेला दिली की कपात थांबते.

घर आणि पैसा कोणाच्या नावे

हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ प्रमाणे अपंगत्वामुळे वारसाहक्क जात नाही. मृत्युपत्र न करता वडील गेले, तर मुलाचा हिस्सा त्याला आपोआप मिळतो. अडचण पुढे येते, कारण तो हिस्सा सांभाळणार कोण? म्हणून मृत्युपत्र करा, आणि रक्कम मोठी असेल तर मुलाच्या लाभासाठी विश्वस्त नेमून खासगी न्यास करण्याचा विचार करा. फक्त त्याच अवलंबून असलेल्या मुलासाठी मृत्युपत्राने केलेल्या न्यासाच्या उत्पन्नावर चढ्या दराऐवजी नेहमीच्या दराने कर लागतो. हा मसुदा मात्र वकील आणि सनदी लेखापाल दोघांकडून करून घ्या. त्यांना निवृत्तिवेतनाची उत्पन्न मर्यादा आठवणीने सांगा, ती बहुधा त्यांच्या ध्यानात नसते.

काम अडले तर

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग आहे. दिव्यांगांच्या हक्कांबाबत तक्रार पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी करता येते. केंद्रीय निवृत्तिवेतनाच्या तक्रारीसाठी सीपेनग्राम्स पोर्टल आहे. कोणत्याही नकारावर तोंडी वाद घालण्याऐवजी ‘कोणत्या नियमाखाली नाकारता, ते लिहून द्या’ एवढेच म्हणा. लेखी नकार मिळाला तर त्यावर अपील करता येते. द्यायला टाळाटाळ झाली, तर तो नकार नियमात बसत नाही, असे बऱ्याचदा समजायला हरकत नाही.

कामाचा क्रम

सगळे एकदम अंगावर घेतले तर काहीच होत नाही. हा क्रम धरा :

१. अठरा वर्षांनंतरचे कायमचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी.
२. पाचही कागदांवर नाव व जन्मतारखेची जुळवणी, आधार-बँक जोडणी.
३. नोकरीची नोंद : सेवापुस्तक, पीपीओ, पीएफचे ई-नामनिर्देशन, दोघांपैकी ज्यांची नोकरी असेल त्यांची.
४. चार स्थितींत बसत असेल, तर स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज आणि निरामय.
५. उत्पन्नात बसत असेल, तर संजय गांधी योजना. स्थानिक संस्थेच्या नोंदवहीत नाव.
६. व्यवसाय कर आणि आयकर.
७. मृत्युपत्र.

सगळ्या मूळ कागदांच्या साक्षांकित प्रती एका फाइलमध्ये लावा आणि तिच्या पहिल्या पानावर कोणता लाभ सुरू आहे, कोणत्या कार्यालयातून, कोणत्या खात्यात आणि पुढची तारीख कोणती, ते लिहा. दरवर्षी हयातीचा दाखला कोणत्या महिन्यात द्यायचा तेही त्याच पानावर. ही फाइल कुठे आहे हे मुलाच्या भावंडांना, किंवा भावंडे नसतील तर नेमलेल्या पालकाला दाखवून ठेवा. शक्य असेल तर एकदा त्यांनाच सोबत घेऊन तहसील कचेरीत किंवा कोषागारात जा. कोणत्या खिडकीवर काय मागतात, हे पाहून जेवढे कळते तेवढे सांगून कळत नाही.